परळच्या शाळेत घातलेलं गाऱ्हाणं

मुंबईहून आल्यापासून गावात जो भेटतो तो माझ्याकडे बघून हसतो. हसा. मलाही हसू येतं. पण तुम्हाला गोष्ट अर्धीच माहीत आहे, आणि उरलेली अर्धी जो तो आपल्या मनाने लावतोय. म्हणून वाण्याकडून आखीव कागद आणून सगळं लिहून काढतोय. माझी शाळा चौथीपर्यंत. मग लालबागला गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, गिरणी बंद पडल्यावर गावी येऊन नांगर धरला. लिहायचा सराव नाही. चुकलं तर चुकलं.

गेलो कशाला ते आधी. माझी मुलगी सुजाता परळला मराठी शाळेत बाई आहे. तिची आई गेली त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्ध आटोपून सुजाता मुंबईला परतली आणि लगेच तिचा फोन.

“बाबा, बांबूच्या दोन काठ्या तोडा. एक मीटरच्या. एकसारख्या हव्यात हां, एक आखूड एक लांब चालणार नाही. एक गावच्या शाळेत परब गुरुजींना द्या, दुसरी घेऊन इकडे या.”

“काठी पार्सलने पाठवतो. मी कशाला?”

“पार्सलला जेवायला घालता येत नाही. तुम्हाला घालायचंय.”

आईचंच तोंड. काय बोलणार? गेलो.

दादर

गाडीतलं काही सांगत नाही. गाडीत माणूस बसतो, अंग आंबतं आणि गाडी पोचते. दादरला सकाळी सुजाता घ्यायला आली होती. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हाताने रस्त्यातली माणसं बाजूला सारत निघाली. मी काठी खांद्यावर टाकून मागे.

फुलबाजारातून जाताना काठी जड झाल्यासारखी वाटली. म्हटलं, वय झालं. पुढे एका बाईने चप्पल काढून काठीला नमस्कार केला. मुंबईत काठीलाही मान आहे, म्हटलं, चांगलं आहे. आणखी एकाने केला. मग मागून आवाज आला.

“ओ काका! ओ काठीवाले! देवाला निघालात की माझा धंदा घेऊन निघालात?”

वळून बघतो तर काठीच्या टोकाला झेंडूचे दोन हार लोंबतायत, आणि फुलवाला दुकान सोडून मागे धावतोय. सुजाता रस्त्यात खाली बसून हसायला लागली. बाई माणूस, शाळेत शिकवते, आणि भर बाजारात फतकल मारून! फुलवाल्याने हार काढून घेतले. एक शेवंतीचं फूल मात्र काठीत खोचून दिलं. म्हणाला, “नमस्कार घेतलेत, आता असू दे.”

साबुदाणा वडा खायला बसलो तेव्हा तिने काठीचा उलगडा केला. भर दुपारी परळच्या शाळेत एक काठी उभी करायची, त्याच वेळी गावच्या शाळेत दुसरी. दोन्हीकडच्या पोरांनी सावली मोजायची, आणि टीव्हीवर समोरासमोर येऊन एकमेकांना सांगायची.

“सावली ती सावली,” मी म्हटलं. “मुंबईची काय वेगळी असते? भाडं भरते?”

“तेच पोरांना शोधायचंय, बाबा! मी नाही सांगणार.” डोळे असे चमकत होते, जसे लहानपणी जत्रेत चमकायचे. “शाळेत वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. तिथे मी सगळं मांडलंय. आता हेडसर म्हणतात, तिथे मोडके बाक ठेवायचे. शुक्रवारी वरच्या ऑफिसातून मॅडम बघायला येणार. त्यांना पटलं तर खोली पोरांची. नाही पटलं तर मोडक्या बाकांची.”

“आणि नाही पटलं तर तू काय करशील?”

तिने वड्याचा तुकडा चटणीत बुडवला तो बुडवूनच ठेवला. खाल्ला नाही. मला तिथेच कळलं, ही गंमत नाही.

लालबाग

लालबागला मिरच्यांच्या दुकानांवरून जाताना आम्ही दोघं शिंकत शिंकत घरी पोचलो. जावई दार उघडून म्हणाले, “या बाबा, बसा. टीव्ही लावला असता, पण टीव्ही नाही.”

भिंतीवर नुसते खिळे.

“तुमच्या मुलीने शाळेत नेला. आता मिक्सरवर डोळा आहे.”

“मिक्सर परत आणला की!” सुजाता आतून ओरडली.

“आणला. त्यात पोरांनी रंग घोटला होता. बाबा, दोन दिवस आम्ही निळी चटणी खाल्ली.”

जावई तक्रार करत होते, पण करता करता बायकोच्या डब्यात दोन घावणे जास्त घालत होते. तेव्हा समजलं, तक्रार खरी नाही.

संध्याकाळी आम्ही हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो. टीव्हीवर उजेड पडतो म्हणून खोलीच्या खिडक्यांना काळं कापड हवं होतं. मी गिरणीतला माणूस. कापड अंगठ्यावर घेऊन चोळलं, उजेडात धरलं, सूत बघितलं, तोंड वाकडं केलं. दुकानदार बघत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, खिडकीला लावायचंय ना? की खिडकीचं लग्न काढलंय?”

दुकानातली सगळी बायामाणसं हसली. मी गुपचूप सुजाताला पैसे द्यायला सांगितलं. बाहेर काचेत एक हिरवी साडी टांगलेली होती. मागच्या वर्षी अशीच हिरवी मी आणली होती, सुजाताच्या आईला शेवटची नेसवायला. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. सुजाताने कापडाचं बोचकं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, “चला, हमाल.”

असं करते ती. बरं करते.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी माईक घ्यायला गिरगावच्या बाजूला. गिरगावात आधी थालीपीठ आणि पियुष. पियुष म्हणजे आमच्या ताकाला श्रीखंडाने मुलगी दिल्यासारखं काहीतरी. गावाला केलं तर लोक म्हणतील, नासलं. पण मी दोन ग्लास प्यायलो.

माईकचं दुकान एका जिन्याखाली, कपाटाएवढं. टेबलावर एक चकती ठेवली की अख्ख्या वर्गाचा आवाज ओढते, असं दुकानदार हिंदीतून सांगत होता. सुजाताचा विश्वास बसेना. ती म्हणाली, “बाबा, जिन्यावर जा आणि हळू आवाजात काहीतरी बोला.”

मी वर गेलो. काय बोलायचं? जे मनात होतं ते पुटपुटलो: “ह्या माणसाचं तोंड काय मला बरं दिसत नाही. फसवणार हा.”

खाली दुकानात भोंग्यातून खणखणीत ऐकू आलं. मी उतरलो तर दुकानदार हात जोडून उभा. “अंकल, माईक अच्छा है, इसीलिए तो सुनाई दिया.”

घेतला माईक. दुसरं काय करणार?

परळ

आता शाळा. आमच्या गावच्या शाळेत पोरं रांगेत बसतात आणि भिंतीवर नकाशा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुजाताच्या खोलीत रांगच नाही. घोळके. खिडकीत उलट्या बाटल्यांतून उगवलेली मेथी. मोडक्या छत्रीचे काळे काप जोडून केलेलं आभाळ, त्यात टिकल्यांचे तारे. जावयांचा टीव्ही मधोमध, देवासारखा. पोरांची तोंडं म्हणाल तर कोणी कोकणातलं, कोणी कोळीवाड्यातलं, कोणी पार बिहारमधलं, आणि सगळी एकदम बोलणारी.

आर्या नावाची एक मुलगी पुढे आली. तिने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाचं भिंग होतं म्हणे. “आजोबा, तळहात द्या.”

दिला. टीव्हीवर माझा तळहात आला. अरे देवा! नांगरलेलं शेत. बांध, चरे, ढेकळं, सगळं.

“आजोबा, यात काय पेरलंय?” एक पोरगं ओरडलं.

“तुझ्यासारखी वांगी!” मी म्हटलं. झालं. तिथून पुढे मी त्यांचा. कोणी माझ्या भुवईचा केस बघतंय, कोणी नख. एकाला माझी कवळी टीव्हीवर बघायची होती. मी काढणार होतो, सुजाताने दटावलं.

मी तिच्याकडे बघत होतो. घोळक्यातून घोळक्यात पळत होती. पोराला उत्तर आलं की हिचाच जीव उडी मारायचा. चुकलं की आणखी खूश, “थांब थांब, असं का वाटलं तुला?” आमचे मास्तर चुकलं की कान धरायचे. ही चुकीला बसायला पाट देते.

शुक्रवार उजाडला. मॅडम आल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात पिशवी, चेहरा बंद दुकानासारखा. मागे हेडसर. हेडसर माणूस वाईट नव्हे, पण त्यांची नजर सारखी खोलीच्या कोपऱ्यांत फिरत होती. किती बाक मावतील, हे बघत असणार.

भर दुपारी अंगणात काठी उभी केली. काठी सरळ आहे ना ते बघायला मी ओळंबा धरला. सावली जिथे संपली तिथे पोरांनी खडूने खूण केली, तिथपर्यंत सुतळी ताणून कापली आणि सगळे धावत वर आले. टीव्हीवर आमचं गाव! शाळेचा व्हरांडा, परब गुरुजी, आणि मागे… अहो, तुम्ही सगळेच होतात की तिथे. कोण चुलीवर भात ठेवून आलं होतं, कोण खांबाला टेकून. मला एवढा आनंद झाला की मी टीव्हीला हात केला. गावचा ओंकार सुतळी घेऊन पुढे आला, तोंड उघडलं…

आणि तसाच राहिला. तोंड उघडं. हात वर. गुरुजींचा एक डोळा मिटलेला.

चित्र थिजलं.

सुजाताने मोबाइल हलवला. वायर काढली, घातली. खिडकीत नेला. मॅडमनी घड्याळ बघितलं. हेडसर हळू आवाजात म्हणाले, “मी म्हटलं होतं मॅडम, हे असंच होतं. त्यापेक्षा खोली…”

सुजाताचा चेहरा पांढरा पडला. त्या चेहऱ्याने ती मला आईच्या खाटेशी उभी दिसली होती, गेल्या वर्षी. मला ते बघवेना. आता माणसाने काय करावं? मला वायरीतलं कळत नाही. पण कोकणातल्या माणसाला काम अडलं की एकच उपाय ठाऊक, देवापुढे उभं राहून मोठ्याने सांगायचं. गाऱ्हाणं घालायचं. वर्षभर मी ते घातलं नव्हतं. देवाशी बोलणं टाकलं होतं. पण त्या क्षणी हात आपोआप जोडले गेले. मी टीव्हीसमोर उभा राहिलो आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा!”

लालबाग-परळची पोरं ती! घरोघरी ऐकलेलं. चार-पाच जणांनी झटक्यात उत्तर दिलं, “व्हय म्हाराजा!”

“आज ह्या परळच्या शाळेत ही पोरां जमली हत, आणि थय गावात ती पोरां जमली हत…”

“व्हय म्हाराजा!” आता अख्खा वर्ग. बिहारचं पोरगं सगळ्यांत मोठ्याने.

“मधी जी काय आडकाठी इली हा, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या खोलयेवर कोणाची वाकडी नजर पडली आसात, तर ती सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हेडसर भिंतीकडे बघायला लागले. मी थांबायला हवं होतं. पण वर्षभर तुंबलेलं पाणी बांधावर थांबत नाही. चित्र गेलंय, म्हणजे लाइन मेली, गावात कोणाला काही ऐकू जाणार नाही, असं मी धरून चाललो होतो. चूक झाली ती इथे.

“वरस झाला, मी तुका हाक मारूक नाय. राग इललो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“माझी बायल न्हेलंस. माका इचारूक पण नाय!”

“व्हय म्हाराजा!” पोरांना काय कळतंय. तालावर ओरडत होती.

“आता घरात बोलूक कोण नाय. मी भिंतीवांगडा बोलतंय, म्हाराजा!”

“व्हय म्हा…”

आणि पोरांचा आवाज संपला तरी आवाज संपेना. टीव्हीतून, त्या थिजलेल्या चित्रातून, दोन श्वास उशिराने, भला मोठा आवाज आला:

“व्हय म्हाराजा!”

तो आवाज पोरांचा नव्हता. पोरं होती, पण त्यात जाड, घोगरे, म्हातारे आवाज होते. बायकांचे होते. तुमचे होते. ओंकारचं तोंड उघडं, हात वर, गुरुजींचा एक डोळा मिटलेला, आणि त्या गोठलेल्या फोटोतून अख्खं गाव मला होकार देत होतं. नंतर कोणाचं तरी नाक शिंकरलेलं ऐकू आलं. कोणाचं ते मला माहीत आहे, नाव लिहीत नाही.

आर्याने खुर्ची आणून मला बसवलं. आणि सुजाता? ती एकदम किंचाळली, “आवाज चालू आहे! आवाज चालू आहे! अरे, चित्र गेलं, आवाज चालू आहे! ओंकार, सुतळी मोज! आकडा बोल!”

जिन्याखालच्या दुकानदाराची मी माफी मागतो.

ओंकारने सेंटिमीटरमध्ये आकडा सांगितला. परळच्या पोरांनी तेवढी सुतळी मोजून आपल्या सुतळीशेजारी धरली. आमची चांगली चार बोटं लांब! वर्ग नाचायला लागला.

“आमची सावली मोठी! आमची सावली मोठी!”

गावाकडून ओंकार खवळला. “खोटां! तुमची काठी मोठी आसतली!”

“दोन्ही काठ्या मी तोडल्यात रे गाढवा!” मी खुर्चीतून ओरडलो. “एका बांबूच्या, एकावर एक धरून!”

“मग आजोबा, तुम्ही काठी वाकडी धरलीत!”

“ओळंब्याने धरली!”

“कोणी बघितलं?”

आणि तेव्हा मॅडम उठल्या. म्हणाल्या, “बरोबर विचारतोय तो. मी बघते.” तरातरा जिना उतरून अंगणात गेल्या, काठीला स्वतः ओळंबा लावला, खडूची खूण मोजली, पदर खोचून वर आल्या आणि त्या चकतीत वाकून बोलल्या, “ओंकार, मी मुंबईहून बोलतेय. मोजलंय मी. बरोबर आहे. आता सांग, असं का?”

बंद दुकान उघडलं होतं.

मग काय ती झुंबड! कोणी म्हणालं, मुंबईत इमारती उंच म्हणून सावल्या लांब. कोणी म्हणालं, समुद्रामुळे. ओंकार म्हणाला, मुंबईला सगळंच लांब असतं, आत्याकडे जायला दोन बस लागतात. सुजाता कोणालाच नाही म्हणेना. एक टोमॅटो, दोन टाचण्या आणि टॉर्च एवढ्यावर तिने पोरांकडूनच ते काढून घेतलं: थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, गाव मुंबईच्या दक्षिणेला, म्हणून गावात तो डोक्याला जास्त जवळ, आणि सावली आखूड. गावात टोमॅटो दिसत नव्हता, तर आर्या तोंडाने सांगत होती आणि तिकडे परब गुरुजींनी नारळ घेतला होता म्हणे. टाचणी नारळात कशी गेली ते गुरुजींना विचारा.

“म्हणजे बाई,” ओंकारचा आवाज आला, “सूर्य एकदम डोक्यावर इलो तर सावली गायबच?”

“गायब! मे महिन्यात. आधी तुमच्याकडे, मग काही दिवसांनी आमच्याकडे.”

“आधी आमची! आधी आमची!” गावात टाळ्या.

“बाई, आपण बघायचं! आपण पण बघायचं!” परळ पेटलं.

मॅडम म्हणाल्या, “अरे, मे महिन्यात सुट्टी असते. शाळा बंद.”

“आम्ही येऊ!”

“सुट्टीत? शाळेत?”

“येऊ! येऊ!” बिहारचं पोरगं तर बाकावर चढलं. “मॅडम, मैं गाँव ही नहीं जाऊँगा!”

मॅडम हेडसरांकडे वळल्या. “सर, नोकरीत इतकी वर्षं झाली. सुट्टीत शाळा उघडा म्हणून भांडणारी पोरं मी आजवर बघितली नव्हती. मोडके बाक जिन्याखाली ठेवा. ही खोली यांची.”

पोरांनी जो काही दंगा केला तो गावापर्यंत वायरीशिवाय ऐकू आला असेल. जावयांचा टीव्ही हलला. छत्रीच्या आभाळातून दोन तारे गळाले. हेडसरही टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हे.

मला वाटलं, आता सुजाता मॅडमचे आभार मानेल. पाया पडणार नाही, निदान हात तरी जोडेल. तिने कपाळावरचा घाम पुसला, एक श्वास घेतला आणि म्हणाली:

“मॅडम, बाजूची खोली पण रिकामीच आहे.”

मॅडम हसत हसत जिना उतरल्या. पोरं हसली. हेडसरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र तिथेच उभा राहिलो. कारण हा सूर मी जन्मभर ऐकलाय. बाजारात कोळीण मायेने दोन बांगडे वर घालायची, तेव्हा माझी बायकोही कधी आभार मानायची नाही. पिशवी उघडीच धरून विचारायची, “आणि कोळंबी कशी दिलीस?”